सामाईक व्हरांड्यातले चौदा इंच

दादा, देगलूरहून आम्ही निघालो त्या सकाळी टेम्पोत सामान चढवताना तू म्हणाला होतास, "सुटलास बाबा. आता बांध नाही, बांधावरची भांडणं नाहीत." बाबा एवढंच म्हणाले, "खरेदीखत नीट वाचून घे." त्याला एकोणीस वर्षं झाली. आता तुझा मुलगाही इथेच हैदराबादेत फ्लॅट घेतोय, म्हणून लिहितो.

खरेदीखत मी वाचलं होतं. फ्लॅट अकराशे चौरस फूट, जमिनीतला अविभक्त हिस्सा अडतीस चौरस गज. मी वकिलाला विचारलं, "या अडतीस गजांच्या चतुःसीमा कुठल्या?" तो हसला. "सगळं सगळ्यांचं आहे साहेब. वेगळं कोणाचंच नाही."

हिमायतनगरच्या आमच्या इमारतीत सगळे शिकलेले. एकाने गच्चीला कुलूप लावलंय, दुसऱ्याने जिन्याखाली भंगार साठवलंय. दाराबाहेरची जागा झाडायची तर सगळ्यांची, सामान ठेवायचं तर आपली.

समोरच्या रावांनी व्हरांड्यात लोखंडी कपाट आणून ठेवलं. व्हरांडा साडेचार फूट, कपाट वीस इंच. मी टेप लावून दाखवला. "अरे भाई, जगा खाली पडी थी ना," राव म्हणाले. "तुम भी रख लो, कौन नक्को बोला?" दोन वर्षं मी सोसायटीच्या मीटिंगमध्ये तक्रार केली. अध्यक्षांचं एकच उत्तर, "अ‍ॅडजस्ट करो साहब." मग मीही माझ्या बाजूच्या भिंतीला चपलांचं कपाट ठोकून घेतलं, छातीइतकं उंच, चौदा इंच खोल. रावांपेक्षा आपण सहा इंचांनी सज्जन, असं समाधानही मानलं.

यंदा सुमन बाथरूममध्ये घसरली. खुब्याचं हाड मोडलं. अँब्युलन्सवाल्यांनी रिकामं स्ट्रेचर उभं धरून आत आणलं होतं. तिला घेऊन बाहेर पडताना ते अडलं. स्ट्रेचर बावीस इंच, वाट वीस. रावांचं कपाट गच्च भरलेलं, माझं भिंतीत रुतलेलं. राव धावत आले, जोर लावला, पण काही हललं नाही. शेवटी स्ट्रेचर तिरकं करावं लागलं. तुझी भावजय बाळंतपणातही ओरडली नव्हती, असं आई सांगायची. त्या दिवशी तिची किंकाळी खालच्या वॉचमनने ऐकली.

दवाखान्यात बसून मी वजाबाकी केली. नुसतं रावांचं कपाट असतं तर चौतीस इंच उरले असते. स्ट्रेचर सरळ गेलं असतं. तिला तिरकं केलं ते माझ्या चौदा इंचांनी.

माझं कपाट मी स्वतः उखडलं. रावांचं अजून तिथेच आहे. "निकाल दिये? अच्छा हुआ, हवा आती," असं वर म्हणाले. या माणसाबद्दल माझं मत तू ओळखशीलच. माझ्याबद्दलचंही आता फारसं वेगळं नाही.

सुमन रोज संध्याकाळी व्हरांड्यात वॉकर घेऊन बारा फेऱ्या मारते. मी दारात उभा राहून मोजतो. फोनवर तू विचारतोस, घर कसं आहे? अकराशे चौरस फूट जागच्या जागी आहेत. पण ती रावांच्या कपाटाशेजारून, भिंतीला हात न लावता, पलीकडे पोचते तेव्हा मला घरी असल्यासारखं वाटतं. आणि ती जागा माझ्या एकट्याच्या नावावर नाही.