पाठीतलं पाणी

माझ्या थोरल्या मुलीला तो ताप आला तेव्हा ती दोन वर्षांची होती, आणि आम्ही भांडुपला टेकडीवरच्या चाळीत राहत होतो. ताप उतरेना, खाल्लेलं पोटात ठरेना. सासूबाईंनी मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढली. सकाळी पाणी पाजायला तिची मान वाकवली, तर मान वाकेना आणि पोरगी किंचाळली. मी तिला उचललं आणि सरळ हॉस्पिटल गाठलं. मागोमाग नवरा आणि सासूबाई.

तिथली डॉक्टरीण वयाने माझ्याएवढीच. म्हणाली, "मेंदूच्या आवरणाला सूज आलीय, जंतूंमुळे. पाठीतून थोडं पाणी काढून तपासते आणि लगेच इंजेक्शनं सुरू करते."

झालं! सासूबाईंनी 'पाणी' हा शब्द तेवढा धरला. "पाठीतला पाणी काढल्यार पोर पांगळा जाता. चेडवाचे पाय गेले तर तिचा लगीन कोणाशी लावतलात?"

ते पाणी परत भरतं, पायांना काही होत नाही, हे सांगून डॉक्टरीण थकली. मी तर कडाकडा भांडले. पण माझं ऐकतो कोण! आईपुढे नवऱ्याची जीभ उचलत नसे. त्याने 'आमच्या जबाबदारीवर नेतो' अशा कागदावर सही केली आणि तापलेल्या पोरीला घरी आणलं. वाटेत मी रडत होते, तर लोक बघतात म्हणून तो मलाच गप्प करत होता.

घरी तिला झटके आले. पुन्हा तेच हॉस्पिटल, तीच डॉक्टरीण. या वेळी तोंड उघडायची कुणाची छाती झाली नाही. पाणी काढलं, ते गढूळ निघालं. मग कितीतरी दिवस सुया. पोरगी वाचली.

घरी आल्यावर ती भिंतीला धरून चालू लागली, तेव्हा सासूबाईंनी चाळभर साखर वाटली. "बघ, चालता मा!" मीही हसले. मग एकदा ती गॅलरीतून जिन्याकडे निघाली. मी हाक मारली, ओरडले. ती चालतच राहिली. सासूबाईंनी धावत जाऊन तिला धरलं आणि माझ्याकडे पाहिलं. त्यांनाही कळलं होतं.

आता या आजाराच्या लशी बाळांना सर्रास देतात. माझ्या धाकट्या लेकाच्या बाळाला टोचली तेव्हा तो रडला, आणि मी त्याच्याहून जास्त.

त्या तापाआधी बोलायची हो माझी थोरली! कानावर काही पडेनासं झालं तसे तिचे शब्द एकेक करून गेले. 'काऊ' गेलं, 'बाबा' गेलं. 'आई' तेवढं बरेच महिने टिकलं. मग ती माझा पदर ओढायला लागली.