लाटांच्या पाण्यात सुगंधाबाई

माझ्या सासूबाईंना, म्हणजे सुगंधाबाईंना, एखादी गोष्ट हवी असली तर त्या ती मागत नाहीत, तिची चौकशी करतात. वॉटर पार्कला जायचं ठरलं तेव्हापासून चार दिवस चौकशी चालू होती. पाणी किती खोल असतं? लाटा खरंच येतात का? म्हातारी बाई आत गेली तर हाकलून देतात का? मी भाकरी थापत होते आणि माझं डोकं तव्यापेक्षा जास्त तापत होतं. शेवटी मी सरळच विचारलं, "आत्याबाई, तुम्हाला जायचंय का पाण्यात?"

"मला कशाला?" त्या म्हणाल्या. मग पिठाचा डबा उगाच पुसत म्हणाल्या, "छातीइतक्या पाण्यात एकदा उभं राह्याचं व्हतं, बस."

साठीला टेकलेल्या बाईची ही एवढीच मागणी. मी तिथल्या तिथे शब्द दिला.

आमच्या घरची माणसं पूर्वी मेंढरं घेऊन फिरायची. सुगंधाबाई नऊ वर्षांच्या असल्यापासून त्यांच्याकडे एकच काम होतं. कळप चरायला गेला की मागे बिऱ्हाडावर कोकरं आणि तान्ही लेकरं घेऊन बसायचं. त्याचा नियम कडक होता. बसलेली जागा सोडायची नाही, आणि ज्यानं लेकरू दिलं त्याच्याच हातात ते परत द्यायचं. मधेच तिसरा कोणी आला, मग तो लेकराचा बाप का असेना, त्याला द्यायचं नाही. शहागडला गोदावरीच्या काठी बिऱ्हाड उतरलं की बाकीच्या पोरी नदीत डुंबायच्या आणि ह्या काठावर कोकरांत बसलेल्या. आता मेंढरं गेली, वडीगोद्रीला हायवेवर आमचं पंक्चरचं दुकान झालं, पण बाईंचं काम काही सुटलं नाही. गावात कुणाचंही लग्न असो, बायका आपापली लेकरं ह्यांच्या मांडीवर टाकून मोकळ्या. सात वर्षांत मी त्यांना एकदाही मांडवात उभं राहून अक्षता टाकताना पाहिलेलं नाही. त्या नियमाचं मला हसू यायचं आणि रागही यायचा. नियमाचा फायदा मात्र मीही घेतच होते.

मे महिन्यातला रविवार. भाड्याच्या जीपमध्ये मी, माझे यजमान रामप्रसाद, सहा वर्षांचा करण, नऊ महिन्यांची छकुली, नणंद सुरेखाताई, त्यांची दोन वर्षांची अर्पिता आणि सुगंधाबाई. पार्कच्या दारात पिशव्या तपासत होते. बाहेरचं खाणं आत चालत नाही, फक्त लहान मुलांचं चालतं. सुगंधाबाईंनी पंधरा धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी पुढे करून सांगितलं, "लेकराचंच हाय." त्या माणसानं छकुलीच्या बोळक्या तोंडाकडे पाहिलं, धपाट्यांकडे पाहिलं आणि हात जोडून आम्हाला आत सोडलं.

साडी नेसून पाण्यात उतरू देत नाहीत. भाड्यानं निळे कपडे मिळतात, लांब बाह्या आणि गुडघ्याखाली जाणारी विजार. सुगंधाबाईंनी तो पोशाख सकाळीच अंगात घातला आणि वरून साडी गुंडाळली. ऐनवेळी खोळंबा नको म्हणून. आरशासमोर उभ्या राहून मला म्हणाल्या, "मी बराबर दिसून राह्यले का गं?"

"एकदम पोलीस भरतीला चालल्यासारख्या," मी म्हणाले. त्या लाजल्या आणि पदर घट्ट आवळला.

शेडखाली सावली होती. सुरेखाताईंनी अर्पिताला त्यांच्या हवाली केलं, मी छकुलीला. दुधाची बाटली, डाळ-भाताचा डबा, लंगोटांची पिशवी असं सगळं त्यांच्याभोवती मांडून मी म्हणाले, "दोनला मी येते. लेकरं मी घेते, तुम्ही जा."

"जल्दी न्हाई. तू खेळ," त्या म्हणाल्या.

मी खेळले. खोटं कशाला बोलू, सहा वर्षांत पहिल्यांदा माझ्या कडेवर कुणी नव्हतं. लाट यायची, मला उचलायची आणि पुन्हा खाली ठेवायची. दोन वाजले तेव्हा रामप्रसाद दिसले. मी त्यांना म्हणाले, "तुम्ही लेकरांजवळ बसा अन् आत्याबाईंना पाठवा." ते करणला घेऊन गेले. माझी जबाबदारी संपली. नंतर गर्दीत एक निळ्या कपड्यांतली, आत्याबाईंच्या अंगलटीची बाई पाठमोरी दिसली. मी जोरात हात हलवला. तिनं वळून हात हलवला, तेव्हा ती भलतीच निघाली. तिथं सगळ्याच बाया निळ्या होत्या. मी मनाशी म्हटलं, असतील इथंच कुठंतरी.

पाच वाजता भोंगा झाला आणि लाटा थांबल्या. मी केस पिळत शेडकडे आले.

सुगंधाबाई तिथंच होत्या. छकुली झोळीत झोपली होती आणि झोळी त्यांच्याच साडीची होती. दोन खांबांना साडी बांधून त्या निळ्या कपड्यांत, खांद्यावर टॉवेल ओढून, येणाऱ्याजाणाऱ्यांपासून अंग चोरत बसल्या होत्या. ज्या बाईनं घरच्या ओसरीवरही पदर ढळू दिला नाही, ती बाई तीन तास चारचौघांत तशी बसली होती.

"करणचे पप्पा आल्ते ना?" मी ओरडलेच.

"आल्ता. पण छकुली तू दिल्ती माझ्याजवळ. त्याच्या हातात कशी देऊ? मंग तो गेला करणला घसरगुंडीवर घेऊन. सुरेखा आल्ती, तिची अर्पिता तिला देऊन टाकली." मग हळूच म्हणाल्या, "दोनला तू येशील म्हणून साडी सोडली. थोड्या येळाचंच काम व्हतं."

मला रामप्रसादांचा राग आला, मला एका शब्दानं सांगितलं नाही म्हणून. सुरेखाताईंचा आला, सख्ख्या आईला बसलेली पाहून निघून गेल्या म्हणून. पण सगळ्यात जास्त माझाच आला. तो नियम मला पाठ होता. मला लाटा सोडवत नव्हत्या, म्हणून मी त्या दिवशी तो सोयीनं विसरले होते. त्यांनी एक शब्द सुनावला असता तर बरं वाटलं असतं.

मी छकुलीला झोळीतून उचललं, दुसऱ्या हातानं त्यांचं मनगट धरलं आणि त्यांना लाटांच्या तलावाकडे ओढत नेलं. शिट्टीवाला रखवालदार दोरी लावत होता. "मशीन बंद झालं, ताई. आता उद्या."

"लाटा ऱ्हाऊ दे," सुगंधाबाई म्हणाल्या. "पाणी तर हाय ना?" आणि तो काही बोलायच्या आत दोरीखालून वाकून आत शिरल्या.

त्या घोट्याइतक्या पाण्यात थांबल्या. मग गुडघा. मग कंबर. दोन्ही हात पाण्यावर पसरून त्या एकेक पाऊल चाचपत पुढे गेल्या. पाणी छातीला लागलं तेव्हा थांबल्या. तलाव रिकामा होता आणि मधोमध त्या एकट्या उभ्या होत्या.

रखवालदारानं शिट्टी फुंकली. त्या कर्कश आवाजानं छकुली दचकून जागी झाली आणि तिनं जे भोकाड पसरलं, ते पार तलावाच्या पलीकडे ऐकू गेलं असेल. सुगंधाबाईंनी झटकन मागे पाहिलं. आता ह्या निघणार, चार पावलांत बाहेर येणार आणि दोन्ही हात पुढे करणार. मी छकुलीला छातीशी दाबलं, हलवलं, थोपटलं. ती काही ऐकेना.

सुगंधाबाईंनी आमच्याकडे पाहिलं. मग त्यांनी आमच्याकडे पाठ केली, गुडघे वाकवले आणि त्या हनुवटीपर्यंत पाण्यात खाली बसल्या.

रखवालदार वैतागला. "ताई, त्या आजींना आवाज द्या. बाहेर बोलवा त्यांना जल्दी."

माझ्या डोळ्यांना धार लागली होती आणि कडेवर पोरगी किंचाळत होती. मी म्हणाले, "त्यांला ऐकू येत न्हाई, भाऊ. बिलकुल येत न्हाई."