चिंधी नसलेली जागा

लिही बाळा. माझा धाकटा भाऊ, म्हणजे तुझ्या आईचा मामा. सगळे त्याला तारवाला म्हणायचे. शेताला, जंगलाच्या कडेला काटेरी तारेचं कुंपण घालायचा. तळहाताची नुसती चाळणी झालेली.

खांब रोवायच्या आधी तो सगळी हद्द पायी फिरायचा, वाकून वाकून हरणांच्या खुरांचे ठसे बघत. त्यांची वाट जिथं आडवी जायची तिथं फट ठेवायचा. बाकी तारेला पांढऱ्या चिंध्या बांधायचा, लांबून दिसाव्यात म्हणून. माझ्या जुन्या चादरी सगळ्या तिथंच गेल्या!

मी ओरडायचे, "अरे मेल्या, एक तरी ठेव पांघरायला!"

"ताई, तुला थंडी वाजली तर तू घर डोक्यावर घेशील. ती बिचारी मुकी."

वीस वर्षांत हरणं शिकली बघ. चिंधी दिसली की वळायची, नसेल तिथून सरळ पलीकडे पाण्यावर.

मग मोठा रस्ता आला. रस्त्याच्या कामावरचा साहेब म्हणाला, "फट बुजव. जनावरांसाठी खालून पूल होणार आहे."

"आधी पूल तर होऊ द्या."

"तू तार ओढ. पुलाचं आम्ही बघतो."

ओढली त्यानं. दुसऱ्या कुणी कशीतरी ओढण्यापेक्षा आपणच बरं, असं त्याला वाटलं. पण चिंध्या संपल्या होत्या, दिवस कलला होता. उद्या बांधू म्हणून घरी आला.

सकाळी मी चादर फाडून दिली आणि त्याच्याबरोबर गेले. बुजवलेल्या फटीतच हरणी अडकलेली. रोजच्यासारखी धावत आली असणार. तारेनं गळा कापला होता. पाडस बाजूला उभं, पळेना की हलेना. भावानं तार तोडून तिला खाली घेतलं, तेव्हा कुठं ते बुजून झाडीत गेलं.

तो तिथंच खाली बसला. "ताई, तिनं माझ्यावर भरवसा ठेवला गं."

 

पुन्हा त्यानं तारेला हात लावला नाही. पूल चार वर्षांनी झाला. रोज सकाळी तो जायचा, पुलाखालच्या मातीत खूर उमटलाय का बघायला. आल्यावर मी विचारायचे, "काही दिसलं का रे?" तो चपला काढत बसायचा, वर बघायचा नाही. शेवटी शेवटी मी विचारणंच सोडलं.