हातमोज्याच्या आत

विशालचा फोन आला तेव्हा मी अंगणवाडीत पोरांना खिचडी वाढत होते. स्क्रीनवर त्याचं नाव दिसलं आणि हातातली पळी तशीच पातेल्यात सुटली. पुण्याच्या दवाखान्यातून सकाळी सकाळी येणारा फोन कशाचा असणार, हे कळायला ज्योतिषी लागत नाही. "काकी, आई गेली," एवढंच म्हणाला. पुढं बोलला नाही, रडला नाही, फोनही ठेवला नाही. शेवटी मीच ठेवला. मला त्याचा श्वास ऐकवेना. कारण चारच दिवसांपूर्वी त्या पोराच्या तोंडावर मी खोटं बोलले होते, आणि ज्यांना ते खोटं ठाऊक होतं त्या एकट्या आक्काच होत्या.

आक्का म्हणजे विशालची आई, माझी मोठी जाऊ. वरवंडला आमची घरं शेजारी शेजारी, चुली वेगळ्या. भावकीत लग्न निघालं की आदल्या दिवशी दुपारनंतर बायका आपापली विळी घेऊन मांडवात भाजी चिरायला जमतात, ही आमच्याकडची रीत. आचारी पैसे देऊन आणलेला असला तरी चिरायचं काम भावकीचंच. आणि त्या वीस-पंचवीस विळ्यांवर राज्य आक्कांचं! बाई, काय तो धाक! पाट पायाखाली नीट दाबल्याशिवाय कुणी पहिली भेंडी हातात घ्यायची नाही. उठताना विळी आडवी पाडूनच उठायचं. लहान पोर जवळ आलं की आधी त्याच्या आईला शिव्या. नव्या सुनेला तर त्या जवळ बसवायच्या, जुन्या लुगड्याची चिंधी तिच्या अंगठ्याला आणि तर्जनीला गुंडाळायच्या आणि मगच तिच्या पुढ्यात वांगी ओतायच्या. "बोटं मुडप गं, मुडप! आन् शेवटचा तुकडा चिरीत बसू नको, शेळीला टाक. बोटापरीस वांगं स्वस्त हाय." मला लग्नानंतर पहिल्यांदा असंच बसवलं होतं. मी शहाणपणा करून चिंधी सोडून टाकली, तर पाठीत असा धपाटा बसला की अजून आठवतो. तीस वर्षांत त्यांच्या पंगतीत कुणाला टाका घालायची वेळ आली नाही. एवढी जपणूक केली बाईनं दुसऱ्यांच्या हातांची.

त्यांच्या स्वतःच्या हातांचं मात्र आम्ही सगळे कौतुकच करत बसलो. तापल्या तव्यावरची भाकरी त्या नुसत्या बोटांनी उचलायच्या. चुलीतला निखारा बाहेर पडला तर तोही. बायका म्हणायच्या, आक्कांच्या हाताला सांडशीची गरजच नाही. मीही म्हणायचे. माहेरच्या पाहुण्यांना मुद्दाम दाखवायचे, "बघा आमच्या आक्का!" त्यांना साखर आहे हे आम्हाला ठाऊक होतं, गोळ्या त्या मनाला येईल तशा घेतात हेही ठाऊक होतं. पण साखरेनं बोटांतली जाण हळूहळू जाते, हे कुठं ठाऊक होतं? की ठाऊक करून घ्यायचं नव्हतं… कारण दोन वर्षांपूर्वी भावकीतल्या एका पोराच्या जावळाला काकडीची कोशिंबीर करताना मी परातीत बघितलं, तर काकडी तांबूस दिसली. मी म्हणाले, "आक्का, गाजर कुणी घातलं?" त्यांनी खाली बघितलं, मग स्वतःच्या हाताकडं बघितलं. तर्जनी चांगली चिरली होती, मनगटापर्यंत ओघळ गेला होता. "आगं, हे कवा कापलं?" असं त्यांनी मलाच विचारलं. हात जणू दुसऱ्या कुणाचा असावा अशा आवाजात. मग कोशिंबीर टाकून दिली, दुसरी केली, आणि पाहुणे आल्यावर सगळं विसरून गेले.

विशाल विसरला नाही. तो रांजणगावला कंपनीत आहे, शिफ्टमुळं शिरूरला खोली करून राहतो. तिथं पत्र्याचं काम करताना घालतात तसले जाड दोऱ्याचे, तळव्याला रबर लावलेले हातमोजे त्यानं आईसाठी आणले. "चिरताना घालीत जा," म्हणाला. आक्का हसल्या. "हे घालून भाजी चिरायची का गाडी दुरुस्त करायची?" त्यांनी ते खुंटीला अडकवून ठेवले.

माझ्या प्रियाचं लग्न ठरलं तेव्हा चिरायला बसायचं नाही, नुसतं लक्ष ठेवायचं, असं मी त्यांना बजावलं होतं. ऐकतील तर आक्का कसल्या! बुधवारी दुपारी हळदीच्या जेवणासाठी कोबीचे ढीग पडले आणि त्या विळी घेऊन बसल्या. गुरुवारी सकाळी बघते तर डाव्या हातात हातमोजा. इतके दिवस खुंटीवर लटकत होता तो आजच कसा निघाला? मी त्यांना कोपऱ्यात ओढलं. "आक्का, दाखवा." "काय न्हाई गं." मी मनगट धरून तो मोजा अर्धा खाली ओढला. मधल्या बोटाला हळद आणि चिंधी, चिंधी ओली, आणि कापलेल्या जागेच्या आजूबाजूची कातडी अशी काही पांढरी पडली होती की मला बघवेना. वासही होता. आक्कांनी मोजा परत वर चढवला. "पोरीच्या हळदीच्या दिशी मांडवात रगत सांडलं म्हंजी लोक काय म्हंत्याल? पोरीचा पायगुण काढत्याल. लगीन होऊ दे, मग जाऊ दवाखान्यात." आणि मी म्हणाले, "बरं."

एवढंच म्हणाले मी. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटलं. मुलाकडची मंडळी कडक, त्यात प्रियाचं आधी एक जमलेलं मोडलं होतं. शुक्रवारी लग्न लागलं. फोटोत आक्का सगळीकडं हसताना दिसतात, डावा हात पदराखाली. विशालनं दोनदा विचारलं, "आई, मोजा का घातलाय?" तर म्हणाल्या, "तूच आणलाय ना? मग घालू नको का?" शनिवार पाहुण्यांत गेला. रविवारी मी म्हटलं आज जाऊ, तर प्रिया आणि जावई मांडवपरतणीला आले. सोमवारीही तेच. मंगळवारी सकाळी आक्का अंगणात हुडहुडी भरून पडलेल्या सापडल्या. हातमोजा काढायला गेलो तर निघेना. दौंडच्या दवाखान्यात नर्सनं तो कात्रीनं कापून काढला, आणि आतलं बोट बघून माझी प्रिया बाहेर पळाली.

तरण्या डॉक्टरांनी विचारलं, "जखम किती दिवसांची आहे?" विशालनं माझ्याकडं बघितलं. तो लग्नाचा दिवस सोडला तर घरी नव्हताच. पलीकडं जावई उभे होते. आक्का डोळे उघडे ठेवून माझ्याकडंच बघत होत्या. मी म्हणाले, "काल-परवाची असेल."

त्यांना पुण्याला हलवलं. बोट काढलं, मग अर्धा हात काढायची भाषा सुरू झाली, तोवर विष अंगभर भिनलं होतं. खरं सांगितलं असतं तर आक्का वाचल्या असत्या का? कुणास ठाऊक. मी कुठल्याच डॉक्टरला ते विचारलं नाही. विचारायची छातीच झाली नाही. दहाव्याला, तेराव्याला भावकी म्हणत होती, कसं बाई एका दिवसात होत्याचं नव्हतं झालं! आणि मी मान हलवत होते.

महिना उलटल्यावर एका रविवारी विशाल सुट्टीला आला होता, तेव्हा मी त्याच्याकडं गेले. दारातच बसले आणि एका दमात सांगून टाकलं. हळदीच्या दिवशी मी बोट बघितलं होतं. पाच दिवस मला माहीत होतं. डॉक्टरांना मी खोटं सांगितलं. तो कांदा सोलत होता, तो खाली ठेवला.

"मला ठाव हाय, काकी," तो म्हणाला. "आईनं सांगितलं व्हतं. ऑपरेशनला नेताना."

त्यानं कांद्याची सालं गोळा करून बाजूला सारली.

"म्हनली, सुनंदाला बोल लावू नको. म्या तिला माझ्या गळ्याची शपथ घातली व्हती, ती बिचारी काय करंल? तवा तुम्ही जीवाला लावून घेऊ नका. शपथंपुढं मानूस काय करनार?"

आक्कांनी मला कसलीही शपथ घातली नव्हती. कापाकापीला आत नेत असताना, अंगात ताप फणफणत असताना, त्या बाईनं माझ्यासाठी एक शपथ रचली होती, आणि विशालनं ती महिनाभर जपून ठेवली होती. मी नुसती मान हलवली असती तरी सगळं मिटलं असतं. तो म्हणालाच, "चहा ठेवतो, बसा," आणि त्यानं गॅसवर पाणी चढवलं.

"विशाल," मी म्हणाले, "शपथ वगैरे काही नव्हतं. त्या म्हणाल्या लग्न होऊ दे, आणि मी बरं म्हणाले. मीच."

त्यानं गॅसवर ठेवलेलं पातेलं बघितलं. पाणी तापायला लागलं होतं. त्यानं गॅस बंद केला, पातेलं मोरीत रिकामं केलं, पालथं घातलं.

"घरी जा, काकी," तो म्हणाला.