पाहुण्यांच्या उरलेल्या गोळ्या

तमाम मुरुडकर आणि पर्यटक बंधुभगिनींना जड अंतःकरणाने, आणि त्याहून जड जबड्याने, कळवण्यात येते की, प्रस्तुत लॉजमालकाच्या खालच्या उजव्या दाढेने पुकारलेले बंड गळ्यापर्यंत येऊन ठेपले आहे.

अलिबागच्या डॉक्टरांनी हेच दोन शब्दांत उरकलं. "स्पेस इन्फेक्शन." म्हणजे दाढेच्या मुळाशी साठलेला पू जबड्याखाली उतरणं. माझं तोंड जेमतेम बोटभर उघडत होतं.

"सूज वाढली तर श्वास कोंडेल. आत्ताच दाखल व्हा. इतके दिवस घेत काय होतात?"

मला बोलवेना. बायकोने, सुनंदाने, सांगून टाकलं, "पाव्हण्यांचं उरलेलं."

खरं आहे. पाहुणे गेले की खोल्यांत चार्जर, टॉवेल आणि गोळ्यांच्या अर्ध्या पट्ट्या सापडतात. चार्जरसाठी फोन येतात, गोळ्यांसाठी कुणाचाच येत नाही. त्या मी बरणीत जमवायचो. दाढ ठणकली की त्यातलं अँटिबायोटिक, म्हणजे जंतू मारणारं औषध, शोधायचं. दोन कॅप्सूल घ्यायच्या, ठणका थांबला की बंद. शेजाऱ्यांनाही मी डॉक्टरी थाटात वाटायचो. दाताच्या डॉक्टरांनी रूट कॅनाल, म्हणजे दाढेच्या आतली कुजलेली नस साफ करणं, कधीच सुचवलं होतं. म्हटलं, सीझन संपू दे.

सीझनच्या आधी मीच संपत आलो.

जबड्याखाली चीर देऊन पू काढला, उरलेला वाहून जायला नळी ठेवली, दाढ उपटली. पू 'कल्चर'ला गेला. त्यात जंतू वाढवून कोणत्या औषधाने मरतात ते बघतात. रिपोर्ट येईपर्यंत सलाईन, ताप आणि छताचा पंखा. पाहुण्यांना तासन्‌तास गप्पांनी पकडून ठेवणारा मी, थुंकी गिळताना रडत होतो.

रिपोर्ट आला. नेहमीची औषधं 'रेझिस्टंट', म्हणजे जंतू त्यांना दाद देत नव्हते.

"दुसरं सुरू करतो," डॉक्टर म्हणाले. "लागू पडेल अशी आशा आहे."

आशा! हा शब्द डॉक्टरांच्या तोंडून ऐकायला फार वाईट. मी झोपलोय असं समजून सुनंदा माझ्या नाकासमोर हात धरून बघायची. मी डोळे मिटूनच ठेवायचो. तिला धीर द्यायलाही अंगात त्राण नव्हतं.

औषध लागू पडलं. ताप उतरला, सूज ओसरली आणि एका सकाळी पेज घशाखाली गेली. त्या पेजेपुढे कोलंबीची खिचडी झक मारेल.

तुमची दाढ ठणकत असेल तर आधी दाढ दाखवा. कुणाची उरलेली पट्टी फोडू नका, आपलीही कुणाला देऊ नका. मी दमलोय, नाहीतर हे नाचून सांगितलं असतं.

निघताना मी डॉक्टरांचे पाय धरायचेच काय ते बाकी ठेवले. ते म्हणाले, "गोळीने ठणका थांबायचा, दाढ कुजतच होती. आणि दर वेळी जे चिवट जंतू वाचले, तेच वाढले. औषधाला चकवायला जंतू शिकतात, काका."

पिशवी भरता भरता सुनंदा अख्ख्या वॉर्डाला ऐकू जाईल अशी ओरडली, "ह्यांच्या तोंडात राहून शिकले? कमाल हाय हो जंतूंची!"