लेप बघायला निघालेल्या आत्याबाई

महाराजांच्या अमदानीत मी रत्नागिरीकडून लग्न होऊन कोल्हापुरात आले. नवरा महाराजांच्या पागेत कामाला. घरात आम्ही दोघं आणि सासू. त्यांना मी आत्याबाई म्हणायची. आवाज खणखणीत, मन मोकळं. मासा म्हणजे त्यांच्या लेखी पंचगंगेतला. समुद्र त्यांनी कधी पाहिलेला नव्हता.

पहिल्याच उन्हाळ्यात माझा भाऊ बैलगाडीनं आंबा घाट चढून आला. आईनं माझ्या आवडीचे टोपलीभर सुके लेप मासे पाठवले होते. आत्याबाईंनी टोपलीतला एक मासा उचलला, उलटापालटा केला आणि भावाला म्हणाल्या, "पावणं, ह्यो चाकाखाली घावला व्हय?"

"नाही हो, हा असाच चपटा असतो."

"आणि ह्या अंगाला डोळा न्हाय की."

"दोन्ही डोळे एकाच अंगाला असतात. वाळूत पडून राहतो ना तो."

पावणा थट्टा करतोय असंच त्यांना वाटलं.

दुसऱ्या दिवशी आत्याबाईंबरोबर नदीवर धुणं आटोपल्यावर मी ओल्या वाळूत हात पालथा ठेवला, वर वाळू ओढली आणि दोन बोटांची टोकं तेवढी उघडी ठेवली. "हे त्याचे डोळे. बाकी अंग वाळूखाली. बारीक कोळंबी जवळ आली की..." मी हात झटकन वर काढला. वाळू थेट आत्याबाईंच्या तोंडावर उडाली. मी घाबरले. त्या मात्र पदरानं तोंड पुसत इतक्या हसल्या, की शेजारच्या बायका धुणं टाकून बघायला आल्या. मग सगळ्यांनीच वाळूत हात पुरले.

संध्याकाळी मी लेप भिजवून, तिखट-मीठ लावून तव्यावर परतले. आत्याबाईंनी आधी शेपटीकडचा एवढासा तुकडा मोडला, मग भाकरीच ओढून घेतली. नवऱ्यासाठी झाकून ठेवलेला लेपही त्यांनीच संपवला. "त्याला उद्या कर की," म्हणाल्या.

भाऊ परत निघाला तेव्हा त्यांनी विचारलं, "गाडीत जागा हाय का? मला ह्यो जित्ता बघायचा हाय." नवऱ्यानं स्वतः भाकरी थापायचं कबूल केलं आणि आम्ही दोघी निघालो.

माहेरी ओहोटीच्या वेळी त्या माझा दंड धरून पाण्यात उतरल्या. जरा वेळानं त्यांच्या पायाशी वाळू ढवळली आणि पानासारखं काहीतरी सळसळत पुढं गेलं.

"गेला की गं," म्हणत त्यांनी माझा दंड सोडला, काष्टा वर खोचला आणि त्याच्या मागं निघाल्या.