दोन सह्यांचं खातं

स्वतःच्या पैशावर डोळा ठेवणारी माणसं मी पुष्कळ पाहिली. पण पोरीच्या पैशाची इतकी कडक राखण करणारा माणूस उभ्या वऱ्हाडात एकच, तो म्हणजे माझ्या मैत्रिणीचे बाबा. अमरावतीला मी आणि सुनंदा एका खोलीत राहत होतो. ती दिवसा कॉलेजात जायची आणि संध्याकाळी शिकवण्या घ्यायची. कमाई सगळी बँकेत. खातं तिचं आणि बाबांचं मिळून, आणि पैसे काढायला दोघांच्याही सह्या. हा नियम बाबांनीच मागून घेतलेला. "एका सहीच्या पैशाले पाय फुटतात," असं त्यांचं शास्त्र होतं.

ते अकोल्याला एसटीच्या वर्कशॉपात मेकॅनिक. पास खिशातच असायचा, त्यामुळे पोरीला पैसे लागले की स्वारी हजर. पण आल्या आल्या सही करतील तर ते बाबा कसले! आधी वस्तू पाहणार. चप्पल असेल तर दुमडून, हुंगून, सोलवर टिचकी मारून. एकदा सुनंदाला छत्री हवी होती. दुकानात त्यांनी तिची इतकी उघडमीट केली की दुकानदार काकुळतीला येऊन म्हणाला, "काका, आता हे जुनी झाली, घेऊनच जा." जुनी झाली म्हणून बाबांनी भाव पाडून मागितली, आणि मिळवलीसुद्धा. सुनंदा मात्र धुमसायची. "माह्येच पैसे, अन् मीच भिकारी," म्हणायची. एवढ्या मोठ्या मुलीनं आतल्या कपड्यांसाठी बापाची सही कशी मागायची? मलाही त्यांचा राग यायचा, खोटं कशाला बोलू.

मग ते वाईट वर्ष आलं. तेल्हाऱ्याकडे बाबांच्या थोरल्या भावाचं शेत. कापूस हातचा गेला, विहीर आटली, बोअर केले ते कोरडे निघाले. तळहातावर नारळ ठेवून पाणी शोधणाऱ्या पाणाड्यानं आणखी एक जागा दाखवली, आणि थोरल्यांनी बाबांना बोलावून सांगितलं, पोरीचे पैसे काढ. याच भावानं स्वतः औत धरून बाबांना शिकवलं होतं. त्याच्यापुढे 'नाही' हा शब्द बाबांनी जन्मात उच्चारला नव्हता. आणि त्याच आठवड्यात सुनंदाची बी.एड.ची फी भरायची होती. ती चुकली की वर्ष गेलं, आणि कदाचित शिक्षणही.

शनिवारी बाबा आले ते पैसे काढायचा कागद घेऊनच. त्यांची सही झालेली होती. सुनंदा पांढरीफटक पडली, मी तोंड सोडायच्या बेतात होते. बाबांनी कागद तिच्यापुढे ठेवला आणि खाली बघत म्हणाले, "सही करू नको, माय."

"मंग तुमी कावून केली?"

"दादा समोर बसला होता. त्याले मी नाही कसं म्हनू? म्हनलं, पोरीची बी सही लागते, तिले इचारतो. आता तू नाही म्हन. मले म्हनता येत नाही."

सुनंदानं 'नाही' म्हटलं, पण पुटपुटत. "जोरात म्हन!" बाबा ओरडले. मग तिनं असं खणखणीत म्हटलं की खालून घरमालकीण वर आली. बाबांनी कागदाचे तुकडे केले आणि मला एकदम रडू आलं, इतकं हायसं वाटलं. "दादाच्या घरात दाणे मी भरीन," ते म्हणाले. "पन तुही फी खड्ड्यात नाही घालत."

तिथून आम्ही तिघं बँकेत गेलो. फीचे पैसे निघाले, आणि साहेबांपुढे बसून बाबांनी खात्यावरचं स्वतःचं नावही काढून टाकायला अर्ज दिला. सुनंदा बघतच राहिली. "तुले नाही म्हनता येते आता," ते म्हणाले. "मंग मी कायले पाह्यजे?"

संध्याकाळी त्यांना गाडीत बसवायला गेलो. पायरीवर पाय ठेवून ते वळले. "आता मले कायच्यासाठी बलावशीन वं?"

"असंच या नं, बाबा."

"असंच कोनी येते काय," म्हणून हसले आणि चढले. त्यानंतर सुनंदानं पुष्कळदा बोलावलं, पण नुसतं भेटायला म्हणून ते अमरावतीला कधी आलेच नाहीत.